न दाबलेलं बटण

बुद्धिबळाच्या दहा-दहा मिनिटांच्या अंतिम डावात सबनीस सरांनी पाचवी खेळी केली आणि घड्याळाचं बटण दाबायलाच विसरले. क्लबात एरवी ते घड्याळ लावून खेळतच नसत. आता त्यांचाच वेळ सरत होता. समोर बसलेल्या मृणालला ते लगेच दिसलं. "सर, बटण," एवढंच म्हणायचं होतं. पण चषक हवा होता. हनुवटीखाली मूठ धरून तिने विचारात पडल्याचं सोंग घेतलं.

डावाची ही सुरुवात सरांनीच तिला शिकवलेली; पुढची खेळी तोंडपाठ होती. वाऱ्याने तिचे केस डोळ्यांवर येताहेत हे पाहून सरांनी हळूच उठून टेबलफॅन दुसरीकडे वळवला, कुजबुजणाऱ्यांना हातानेच गप्प केलं. आता सांगावं, आता सांगावं, असं तिला होत होतं. जीभ काही रेटेना.

पंचांनी वेळ संपल्याचं सांगितलं तेव्हा सरांनी घड्याळाकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "वेंधळेपणा माझाच," ते हसले. "जिंकलीस!"

मग खुर्ची तिच्याजवळ ओढून त्यांनी काळजीने विचारलं, "पण इथे एवढी कुठे अडकलीस गं? माझं काही शिकवायचं राहिलं का?"