परतीचा तक्ता

"खिडकीपाशी बसलेला माणूस कसा दिसतो, तेवढं सांगा," चित्रकार बाई म्हणाल्या. "बाकीचं घर मी बघते."

"वाट बघत असलेला दिसला पाहिजे. बस."

"म्हणजे तुमच्यासारखा," बाई हसल्या आणि वही उघडली.

समोर बसलेल्याला सगळे दशांश म्हणत. हे त्याचं खरं नाव नव्हे. विमा कंपनीत कोणी "पाच मिनिटांत आलोच" म्हटलं की हा "सरासरी अकरा पूर्णांक चार" असं म्हणायचा, म्हणून चिकटलेलं. ॲक्च्युअरीच्या कामात त्याचे केस पिकायचेच काय ते राहिले होते. हजार माणसांतली यंदा किती जातील, किती उरतील, याचे तक्ते करायचे आणि विम्याचे दर त्यावरून ठरायचे.

यंदा ॲक्च्युअरींच्या संघटनेला काय सुचलं कोण जाणे. पन्नास वर्षांनी आपला व्यवसाय कसा असेल, यावर सभासदांनी कथा लिहायच्या, निवडक कथांवर चित्रं काढून घ्यायची आणि प्रदर्शन भरवायचं. झालं, आकडेमोड करणाऱ्यांच्या अंगात लेखक संचारले. साहेबांनी एका ग्रहाची गोष्ट लिहिली. तिथे कुणी मरतच नाही आणि बेकार झालेले ॲक्च्युअरी ज्योतिषाची दुकानं थाटतात. दुसऱ्या एकाने संपावर गेलेली गणकयंत्रं रंगवली. वाचून सगळे पोट धरून हसले.

दशांशची कथा वाचून कुणी हसलं नाही. तिच्यात मरणाचे सगळे हिशेब यंत्रांकडे गेलेले असतात. ॲक्च्युअरींकडे एकच काम उरतं. घर सोडून गेलेलं माणूस परत येण्याची शक्यता किती, ते सांगायचं. लोक लांबून येतात, बाकावर बसतात, आपला आकडा घेऊन घरी जातात आणि खिडकीपाशी वाट बघत बसतात. कथेला त्याने एक तक्ताही जोडला होता. पहिल्या वर्षी हजारांतले सहाशे बारा परततात. सतराव्या वर्षी चार.

"या सतरावर पेन्सिलची खूण आहे," बाई म्हणाल्या.

"माझीच आहे ती."

ऑफिसात त्या खुणेचा अर्थ कुणाला विचारावा लागला नाही. याचा भाऊ सतरा वर्षांपूर्वी भांडून निघून गेला आणि हा अजून आशा लावून बसलाय, असं सगळे धरून चालले होते. पुरावेही होते की. बढतीवर दुसऱ्या गावी जायला त्याने दोनदा नकार दिला होता. एकट्याच्या दोन खोल्या, पण दारावर नावाची पाटी केवढी मोठी! जिन्यात पावलं वाजली की तो रेडिओ बारीक करायचा. त्याला थेट कुणी विचारलं नाही आणि आपण होऊन सांगणाऱ्यातला तो नव्हता.

हे बाईंच्याही कानावर आलं होतं. त्यांनी मात्र विचारलं. "भांडण कशावरून झालं?"

"कशावरून म्हणजे... 'तू नसलास तरी माझं काही अडणार नाही.' एवढंच वाक्य."

"कोण म्हणालं?"

"मी." तो घोटभर पाणी प्यायला. "वडील गेल्यावर दादाने मला वाढवलं हो. स्वतःचं शिक्षण सोडून. मी परीक्षेच्या अभ्यासाला बसलो की माझी गणितं मोठ्याने वाचून दाखवायचा, त्यातलं काही कळत नसताना. एका चिन्हाला तर 'वाकडी खुर्ची' म्हणायचा. मी उत्तर काढलं की टाळी द्यायचा. आणि त्यालाच मी हे ऐकवलं."

बाईंची पेन्सिल थांबली. "कधी शोधलं नाहीत त्यांना?"

"हिंमत झाली नाही."

"आणि ते त्या चारांतले निघाले तर?"

"तक्ता हजारांचं सांगतो, बाई. एकट्याचं नाही. आमच्या धंद्याची तीच तर गोची आहे."

बाईंनी कोरं पान काढलं. "वाट बघणारा आतून बाहेर बघतो. मी खोलीच्या आतून काढते."

"नको, रस्त्यावरून काढा. निळं दार, शेजारी खिडकी, तीन पायऱ्या. मधलीचा कोपरा उडालेला. आतलं आता मला सांगता येणार नाही."

घर विकलं असेल, असं समजून बाईंनी विषय वाढवला नाही.

प्रदर्शनात सगळ्यात जास्त गर्दी त्याच चित्रापुढे झाली. खिडकीतल्या माणसाला बाईंनी दशांशचा चेहरा दिला होता. ऑफिसातले लोक चित्राकडे बघत, मग त्याच्याकडे, आणि हळूच पुढे सरकत. एक आजोबा पहारेकऱ्याला विचारत होते, कथेतलं ते ऑफिस खरंच कुठे आहे का, मुलीची चौकशी करायची होती.

दशांश चित्रापुढून हलेना. सतरा वर्षांत त्याला घराची एवढी ओढ कधी लागली नव्हती. त्या रंगवलेल्या दारावर थाप मारावी असं इतकं वाटलं, की त्याने हात खिशात कोंबले.

"जमलंय का?" बाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"सुरेख. फक्त केस पांढरे हवे होते."

"तुमचे तर काळे आहेत."

"हो, माझे काळे आहेत."

बाईंना त्याची दया आली. "प्रदर्शन संपलं की चित्र तुम्हीच न्या. पैसे नकोत मला."

"मला नको. माझ्या वतीने दादाला पाठवाल?"

बाई चमकल्या. "त्यांचा पत्ता आहे तुमच्याकडे?"

त्याने खिशातून पेन काढलं आणि माहितीपत्रकाच्या मागे कुठेही न अडखळता लिहिलं. घर क्रमांक, गल्ली, गाव.

"म्हणजे ते सापडले! अहो, मग इतके दिवस बोलला का नाहीत? कुठे असतात ते?"

"या चित्रातल्या घरातच," दशांश म्हणाला. "दादा कुठे गेलाच नव्हता, बाई. निघून मी आलो होतो."