एकाच हातातली गाडी

"दिवा बदललाय," बाई म्हणाली. ना नमस्कार, ना विचारपूस.

फिदेन्सिओ कायिसाया गाडीच्या टपावर फडका मारत होता. त्यानं वाकून पाहिलं. काळी शाल, काळा घेरदार झगा, काळी टोपी. नवरा गेलेली दिसतेय, बरोबर कुणी नाही. म्हणजे हिला गाडीतलं ओ की ठो कळत नसणार! त्याला जरा बरं वाटलं.

"या, कासेरिता," तो गिऱ्हाइकासाठी राखून ठेवलेली लाडिक हाक मारत गोड आवाजात म्हणाला. "कशी गाडी हवी?"

"कासेरिता तुमच्या घरच्यांना म्हणा. स्वस्त हवी, आणि वाटेत दगा न देणारी. चुरुपाताच्या शाळेत शिकवते मी. रोज सत्तर किलोमीटर जायचं, सत्तर यायचं."

शेजारचा टायरवाला खिदळला. "फिदे, कशाला तोंडाची वाफ दवडतोस? ही दर रविवारी येते, गाड्यांच्या तोंडाशी वाकून बघते, नि हात हलवत जाते."

"तुम्ही आपले गुळगुळीत टायर सांभाळा," बाई मान न वळवता म्हणाली.

फिदेन्सिओला तोंडाची वाफ दवडणं भागच होतं. एल आल्तो शहरातल्या या गाडीबाजारात सात रविवार त्याच्याकडून एकही गाडी हलली नव्हती. सकाळीच सासऱ्यानं सुनावलं होतं, "आज गाडी खपली नाही, तर ही जागा धाकट्या जावयाला. तू घरी बस बटाटे सोलत." आणि म्हातारा बोलला की करून मोकळा होणारा. ही पांढरी जपानी गाडी फिदेन्सिओनं नऊ दिवसांपूर्वीच उचलली होती. विकणारा घाईत होता, पाडून मागितली तरी हो म्हणाला. गाडीला कागद नव्हते. विकणाऱ्याचं नाव फिदेन्सिओनं विचारलं नाही. अशा गाड्यांच्या व्यवहारात कुणीच विचारत नाही.

"किती हात फिरलीय?" बाईनं विचारलं.

"एकच. हा." त्यानं पंजा पुढे केला. "तीन वर्षं मीच वापरतोय."

टायरवाला उगाच खोकला. या बाजारात झाडून सगळ्या गाड्या एकाच हातातल्या असतात.

"मग दिवा का बदलला?"

"दगड उडाला, काच फुटली. गाडी वापरली की व्हायचंच."

बाईनं दिव्यामागच्या फटीत बोट घातलं. नखावर एक गुलाबी कागदी टिकली आली, गाडीची पूजा करताना फुलांबरोबर उधळतात तसली.

"दिवा नवा, नि आत टिकली?"

"दिवा बसवला, मग पूजा घातली. का, तुमच्यात नाही घालत?"

"कधी घातली?"

इथे काही तो अडखळला नाही. धरणीमातेचा, ऐन थंडीतला महिना कुठला, हे शेंबडं पोरही सांगेल. "ऑगस्टात. पहिल्याच आठवड्यात. या हातानं बिअर ओतली चाकांवर."

बाईनं टिकली रुमालात ठेवली आणि चाकाला लाथ मारली. "खटारा आहे. चुरुपाताचा चढ चढायची नाही."

"खटारा?" फिदेन्सिओचं डोकं सणकलं. "बाई, जीभ आवरा! त्याच रस्त्यानं रोज जायचो मी!"

"थापा मारू नका. थंडीत तिथं इंजिनं गोठतात."

"थंडीतसुद्धा! जुलै नाही, ऑगस्ट नाही, पहाटेच्या धुक्यात एक दिवस खाडा नाही. विचारा कुणालाही!"

चुरुपाता त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं.

बाईनं टिकलीचा रुमाल कमरेला खोचला. मग शालीखालचं गाठोडं थोपटून ती म्हणाली, "चालवून दाखवा. चढली तर आजच घेते."

फिदेन्सिओ असा काही लगबगीनं स्टिअरिंगमागे बसला की फडका टपावरच राहिला. बाईनं शेजारी बसून फोन लावला. "हो, मिळाली गाडी. घेऊन येतेय. सगळ्यांना सांग." ते ऐकून त्याला हसूच फुटलं. सासऱ्याचं तोंड त्याला डोळ्यांसमोर दिसायला लागलं.

वाटेत त्यानं दोनदा बोलणं काढून पाहिलं. दोन्ही वेळा बाईनं त्याला फटकारलं. एका फाट्यावर तो सरळच निघाला, तेव्हा ती म्हणाली, "डावीकडे."

"बोलण्याच्या नादात चुकलं."

"बोलत कोण होतं?" ती म्हणाली. जरा वेळानं पुन्हा, "दुसऱ्या कुणाला गाडी कधी दिली नाही ना?"

"बायकोलाही हात लावू देत नाही!" तो खेकसला. बाईचा त्याला उबग आला होता, पण गाडी आज विकायचीच होती.

चढ लागला. गाडी न कुरकुरता चढली. "बघा!" फिदेन्सिओ ओरडला. "आता बोला!"

वरच्या वळणावर एक पांढरा क्रॉस होता, त्याला ताजी फुलं वाहिलेली. रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसं बसली होती. बायका, म्हातारे, सगळा गाव असावा. मधोमध घोंगडीसारखा लाल पोंचो घातलेला गावचा मुखिया उभा होता. फिदेन्सिओनं करकचून ब्रेक दाबला. आरशात पाहिलं, तर मागचा रस्ताही माणसांनी भरला होता.

बाई उतरली. रुमाल उघडून तिनं दोन वस्तू मुखियाच्या हातावर ठेवल्या. एक ती गुलाबी टिकली. दुसरा, दिव्याच्या काचेचा तुकडा.

"हाच तो," ती म्हणाली. "तीन वर्षं गाडी याच्याच हातात. ऑगस्टात रोज पहाटे, धुक्यात, याच रस्त्यावर. माझा नवरा इथं सायकलसकट चिरडला गेला, ही काच त्याच्याशेजारी पडली होती. त्याच आठवड्यात यानं दिवा बदलला. नि वर पूजा घातली! स्वतःच्या तोंडानं सांगितलंय सगळं."

"खोटं!" फिदेन्सिओ किंचाळला. "खोटं बोललो मी, आईशप्पथ! नऊच दिवस झालेत! दुसऱ्याकडून घेतली मी ही गाडी!"

मुखिया शांतपणे पुढे आला आणि खिडकीत वाकला.

"कुणाकडून?"

फिदेन्सिओला घाईत असलेला तो विकणारा आठवला. नाव त्यानं विचारलंच नव्हतं.