खोली नंबर चौदाचे तीन फोटो

"तीनदा आमचा माणूस येऊन गेला. तिन्ही वेळा दाराला कुलूप. म्हणजे खोलीत कुणी राहत नाही." पुनर्विकासाच्या ऑफिसातल्या अल्मेडा साहेबांनी फाइल मिटली. "कागद सगळे ठीक आहेत, राधाबाई. पण राहत नसाल तर चाळीच्या जागी होणाऱ्या नव्या टॉवरमध्ये घर नाही. नियम आहे."

राधाबाईंचं तोंड उतरलं. नायगावच्या चाळीतली ती एक खोली, तेवढंच त्यांचं होतं.

शेजारच्या खुर्चीवर त्यांची लेक किर्ती. लग्न करून शीवला गेलेली आणि दादरच्या क्लासमध्ये बँकेच्या परीक्षेसाठी रिझनिंग शिकवणारी. असली वाक्यं ऐकली की तिला राहवत नाही. त्यात आज आईच्या घराचा प्रश्न. ती कसली गप्प बसते!

"साहेब, मधला दुवा कुठंय?"

"कसला दुवा?"

"दाराला कुलूप, हे पहिलं वाक्य. कुणी राहत नाही, हे शेवटचं. मधलं तुम्ही न बोलताच धरून चाललात, की राहणारा माणूस तुम्ही याल तेव्हा घरातच असतो. माझी आई मासळी विकते. पहाटे चारला धक्क्यावर, तिथून बाजारात. घरी यायला तीन वाजतात. तुमचा माणूस कधी आला होता?"

साहेबांनी फाइल पुन्हा उघडली. नऊ वाजता. साडेदहा. अकरा.

"बरं," ते म्हणाले, "त्या वेळी त्या घरी नसणार. पण म्हणून तिथं राहतात, असंही ठरत नाही."

माणूस पक्का होता. क्लासमध्ये असा एक जरी असता तर किर्तीनं त्याला पहिल्या बाकावर बसवला असता. तिनं फाइल आपल्याकडं ओढली. त्या माणसानं दर फेरीला काढलेले तीन फोटो, तेच चौदा नंबरचं दार, तेच कुलूप. पण दारापुढच्या दोरीवर एका फोटोत जांभळं लुगडं वाळत होतं, दुसऱ्यात हिरवं, तिसऱ्यात पुन्हा जांभळं.

"हे बघा! रिकाम्या खोलीपुढं लुगडी कोण वाळत घालतं?"

झालं, जिंकलोच, असं वाटलं तिला.

साहेबांनी चष्मा वर सरकवला. "मॅडम, चाळीच्या गॅलरीत दोरी सगळ्यांची. लुगडं राधाबाईंचंच कशावरून? आता तुमचा मधला दुवा कुठंय?"

घ्या! शिकवणाऱ्या बाईच अडकल्या. अन् घर चाललं हातचं.

"जरा सरक गं," राधाबाई म्हणाल्या.

त्या उठून टेबलाला अगदी खेटून उभ्या राहिल्या. हिरव्या लुगड्याचा फोटो त्यांनी पुढ्यात घेतला. काठावर पिवळं ठिगळ, तिरक्या टाक्यांचं, फोटोतही नीट दिसत होतं. राधाबाईंनी नेसलेल्या लुगड्याचा काठ वर ओढला आणि फोटोशेजारी टेबलावर ठेवला. हिरवाच काठ. पिवळं ठिगळ. तेच तिरके टाके.

अल्मेडा साहेब एकदा इकडं बघत होते, एकदा तिकडं. मग त्यांनी पेन काढलं आणि 'कुणी राहत नाही' या शब्दांवर सरळ रेघ मारली.

"दोनच लुगडी आहेत मला," काठ झटकत राधाबाई म्हणाल्या. "हे आज दोरीवर असतं नि जांभळं अंगावर, तर मी माझ्याच घरात राहत नव्हते म्हणायचं!"