न टिकलेली दुरुस्ती

पुंडलिकच्या लग्नाला तीन महिने झाले होते आणि भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली भट्टी पेटून दोन. साल एकोणीसशे एकोणसाठ. पुंडलिक ट्रॅक्टरखाली उताणा पडला होता आणि त्याच्या कपाळावर थेंब थेंब तेल गळत होतं.

"ये टपकना बंद करो, पुंडलिक," फोरमन ओमप्रकाश वरून म्हणाले. "बंद हो गया तो अगले महीने हेड मिस्त्री तुम. नहीं तो केवलराम."

ट्रॅक्टर लढाईच्या आधीचा, परदेशी. एका मालगुजारानं मळणीसाठी घेतलेला. मालगुजाराची शेतं कारखान्यात गेली, ट्रॅक्टर मागं राहिला. आता तो पाण्याची टाकी ओढायचा. सकाळी मजुरांच्या झोपड्यांपाशी, जिथं पुंडलिकचंही बिऱ्हाड होतं, विहिरीवर टाकी भरायची, दोन मैल चालायचं आणि पुंडलिकच्या टिनाच्या शेडसमोर येऊन थांबायचं. मळणीयंत्र फिरवायचा शाफ्ट त्याच्या पाठीतून बाहेर आला होता. शाफ्टाभोवतीची चामड्याची सील झिजली होती. गळती तिथलीच होती.

तसली सील बाजारात मिळत नव्हती. पुंडलिकनं ती हातानं केली. बैलाच्या जुन्या जोताचं चामडं गोल कापलं, कोमट तेलात भिजवलं, लाकडी ठोकळ्यावर चढवून त्याच्या कडेला शाफ्ट घट्ट धरणारा ओठ आणला. शाफ्ट पॉलिश पेपरनं घासून आरशासारखा केला. सील आत बसली तेव्हा बाटलीला बूच बसावं तसा आवाज झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅक्टर टाकी घेऊन आला, अर्धा तास उभा राहिला, आणि खालची जमीन कोरडी होती. ओमप्रकाश वाकून पाहून गेले. केवलरामनं तोंड फिरवलं. पुंडलिकला वाटलं, आपण जमिनीपासून वीतभर वर चालतो आहोत.

दुपारचा भोंगा झाला. डबा आला नाही.

त्याची बायको कमला रोज भोंग्याला शेडच्या दारात असायची. चुकलेला दिवस एक नाही. एक वाजला, दोन वाजले. मग एक हमाल सांगत आला, "मिस्त्री, नव्या भट्टीच्या पायाच्या खड्ड्यापाशी कोनाची तरी बाई उभी हाय. हलतच नाई."

पुंडलिक धावला. ऊन असं होतं की कारखान्याच्या दूरच्या चिमण्या पाण्यात उभ्या असल्यासारख्या हलत होत्या. इथं पंधरा दिवसांपूर्वी आमराई होती, आता चाळीस फूट खोल खड्डा होता. रस्ता काल होता तिथं आज नसायचा. खड्ड्याच्या काठापासून दोन पावलांवर कमला उभी होती. डोक्यावर डबा, नजर पायांकडे. झोपेत चालता चालता थांबावं तशी.

त्यानं तिचा दंड धरून तिला मागं ओढलं. तिनं हात ओळखला.

"आज ट्रॅक्टर कुठून गेला जी?" ती म्हणाली. "एकबी थेंब नाई दिसला."

"थेंब?"

"तेलाचे. त्याच्यावरूनच तं येते मी रोज." तिचा आवाज बारीक झाला. "लहानपनी गोवर झाला होता. माही नजर पायापुरतीच हाय. घरच्याइनं सांगू नको म्हनलं होतं. आता तुमी मले माघारी धाडान का?"

पुंडलिक तिच्याकडे बघत राहिला. लाल मुरमावरून दोन मैल काळे मणी वेचत येणारी ही बाई त्याला आज पहिल्यांदा दिसत होती.

"भाकर थंडी झाली," तो म्हणाला. "चाल, खाऊन घेऊ."

जेवण झाल्यावर त्यानं तिला हात धरून घरी पोचवलं. परत येऊन नवी सील काढली आणि जुनी चढवली. जुनीचा ओठ ब्लेडच्या पात्यानं हलकेच तासला. ट्रॅक्टर चालवला, पाहिलं, पुन्हा तासला. नवी सील करायला त्याला दोन दिवस लागले होते. दर दुसऱ्या पावलाला एक थेंब पडावा, जास्त नको, कमी नको, हे साधायला तीन लागले. ते तीन दिवस त्यानं डबा सोबत नेला.

चौथ्या दिवशी भोंग्याला कमला दारात उभी.

"दुरुस्ती टिकली नाई वाटते," ती म्हणाली.

"नाई टिकली."

पदर तोंडाला लावून ती हसली.

हेड मिस्त्री केवलराम झाला. "काय बा पुंडलिक, ट्रॅक्टरची सर्दी अजून गेली नाई का?" असं तो चारचौघांत विचारायचा, आणि शेड हसायची. पुंडलिकला 'गळका मिस्त्री' हे नाव पडलं. डॉक्टरनं चष्म्याचा उपयोग नाही म्हणून सांगितलं होतं. कारखाना वाढत गेला, खड्डे सरकत गेले, वाटा फिरत राहिल्या. थेंब पडत राहिले. काढलेली नवी सील पुंडलिकनं बिस्किटाच्या डब्यात तेलात बुडवून ठेवली होती. दर दिवाळीला तो त्यातलं तेल बदलायचा.

मग एका सकाळी ट्रॅक्टर शेडसमोर उभा राहिला आणि खालची जमीन कोरडी. केवलराम दोनदा वाकला, बोट फिरवून पाहिलं.

"जमलं बा अखेर!" तो ओरडला. "नऊ वर्षं लागली लेका तुले!"

पुंडलिक बिस्किटाचा रिकामा डबा पुसत होता.

ती तारीख होती बारा फेब्रुवारी, एकोणीसशे अडुसष्ट. कमला दहा तारखेला गेली होती.