शेंगदाण्यातला खडा

दात आत्याच्या तळहातावर होता. वरचा, अगदी समोरचा. पाण्याच्या टाकीआड उभी राहून ती तो उलटासुलटा करून बघत होती, आणि भाचीच्या, नामुबिरूच्या हातात अजून तो ब्रश तसाच होता. एका टोकाला नेहमीचे केस, दुसऱ्या टोकाला दोन काट्यांमध्ये ताणलेला, दातांच्या फटीत घालायचा दोरा, दांड्याच्या पोटात दोऱ्याची रीळ. सगळं नामुबिरूने स्वतः जुळवलेलं. सोमवारी तो ब्रश कंपालातल्या स्पर्धेला जायचा होता आणि त्यासाठी फोटोत कुणीतरी वयस्कर माणूस तो वापरताना दिसायला हवं होतं.

"हलतच होता मेला," आत्या म्हणाली. शब्दांतून बारीक शीळ निघाली.

दोरा ताणून धरणारी खीळ अडकते, हे नामुबिरूला ठाऊक होतं. वसतिगृहातल्या मैत्रिणीच्या दातांत दोरा असाच रुतला, तेव्हा कात्रीने कापून काढावा लागला होता. खीळ बदलत बसली असती तर स्पर्धा हुकली असती. आत्याला ती एवढंच म्हणाली होती, "काही होत नाही गं, नुसतं टक् होईल." आणि दोरा रुतल्यावर ती कात्री आणायला वळली, तेवढ्यात आत्याने हिसका दिला होता.

मांडवात ढोल सुरू झाला. मुलाकडचे येऊन बसले होते. नामुबिरूच्या धाकट्या बहिणीची मागणी होती. मुलीच्या आत्याने सगळ्यांदेखत पाहुण्यांतून नवरा मुलगा हुडकायचा, त्याच्या छातीला फूल लावायचं, चार टोमणे घ्यायचे, चार द्यायचे. त्याशिवाय पुढचं काही हलत नाही.

नामुबिरूची आई लगबगीने आली. "वन्सं, अहो तिकडे बोलावताहेत..." आणि आत्याचं तोंड बघून थबकली.

"शेंगदाण्यात खडा होता," आत्या म्हणाली. "चव बघायला गेले नि कट्." हे सांगतासांगता तिने नामुबिरूच्या हातातला ब्रश काढून घेतला आणि आपल्या कमरपट्ट्यात खोचला.

आई तशीच चुलींकडे वळली. शेजारची नालुगोकाकू तिथे पहाटेपासून शेंगदाण्याचं कालवण ढवळत होती.

"नालुगो, दाणे निवडलेस तरी का? आमच्या वन्संचा दात गेला. आणि तोही आजच्या दिवशी."

"निवडले होते, ताई. उजेडात बसून निवडले."

"मग खडा काय आभाळातून पडला? ओतून दे ते. पाहुण्यांच्या पुढ्यात नको."

नालुगोने आत्याकडे पाहिलं. आत्या मांडवाकडे बघत होती. मग नालुगोने दोन फडकी घेतली, पातेलं उचललं आणि केळीच्या बुंध्याशी उपडं केलं. गुलाबी कालवण वाफा टाकत मातीत पसरलं.

नामुबिरूने तोंड उघडलं, तसा आत्याने तिचा दंड दाबला. "गप बस. तुला सोमवारी जायचंय."

मांडवात मुलाकडचा बोलका गृहस्थ वाटच बघत होता. "आत्याबाई, आमचा मुलगा बघून दात पडला की काय?"

"एकच पडलाय," आत्या माईकवर शीळ घालत म्हणाली. "तुम्हाला चावायला बाकीचे पुरतील. सांभाळून बसा."

मांडव हसला. नवरा मुलगा तिसऱ्या रांगेत मान खाली घालून बसला होता. आत्याने त्याला बरोबर हुडकलं, फूल लावलं. पण माईक काही तिने परत दिला नाही. कमरेचा ब्रश काढून उंच धरला.

"ही आमच्या थोरलीची करामत. ब्रश नि दोरा एकाच दांड्यात. मी सकाळीच वापरला. काय मऊ चालतो म्हणून सांगू."

सगळे नामुबिरूकडे बघू लागले. मुलाकडच्या एका म्हाताऱ्याने हात वर केला. "पोरी, मलाही एक दे. चारच उरलेत, ते तरी टिकू देत."

आत्या तोंडावर हात धरून हसत होती. नामुबिरूला ते बघवेना. ती पुढे झाली आणि तिने माईक घेतला.

"नका घेऊ, आजोबा. आत्याचा दात यानेच पाडला. दोरा अडकतो. मला आधीपासून माहीत होतं. शेंगदाण्यात खडा नव्हता."

तो बोलका गृहस्थ मांडीवर थाप मारून हसला. "ऐकलंत? आत्या तर आत्या, भाचीही थट्टेत तयारीची निघाली!" साऱ्या मांडवात हसू फुटलं. आईसुद्धा हसली. ढोलवाल्याने दोन थापा दिल्या, मुलाकडच्या भेटींच्या टोपल्या आत येऊ लागल्या.

"तरी माझ्यासाठी एक ठेवच," म्हातारा म्हणाला.

नामुबिरू मांडवामागे आली. नालुगो पातेलं राखेने घासत बसली होती. नामुबिरूने तिच्यासमोर ओल्या मातीत गुडघे टेकले. वडीलधाऱ्यांपुढे मुली टेकतातच, आणि समोरचं माणूस लगेच ऊठ म्हणतं.

"काकू, तुम्ही ऐकलंत ना?"

"ऐकलं की. हसणंही ऐकलं."

नालुगोने पातेलं दुसऱ्या अंगाला फिरवलं आणि घासू लागली. ऊठ म्हणाली नाही.