चोथ्यावरचे दात

दातांच्या डॉक्टरांनी निवृत्तीनंतर एस्प्रेसो मशीन घेतलं. दवाखान्यातली खुर्चीसुद्धा त्यांनी इतकी चिकित्सा करून घेतली नव्हती. पाण्याचा दाब, वाफेचा जोर, कॉफी किती बारीक दळायची, सगळं त्यांना तोंडपाठ झालं होतं.

पहिलाच कप असा उतरला की बायको म्हणाली, "अहो, एवढी वर्षं दात उपटण्यात उगाच घालवलीत!"

डॉक्टर खूश झाले. मग त्यांनी मशीनची कॉफी भरायची जाळीदार दांडी काढून चोथा झटकला. गोल वडीसारख्या त्या चोथ्यावर दातांची कमान उमटली होती.

"जाळीचा ठसा असणार," डॉक्टर ठामपणे म्हणाले. जन्मभर लोकांच्या दातांचे ठसे घेतलेला माणूस हे बोलत होता.

दुसऱ्या सकाळी त्यांनी कॉफी अगदी सपाट दाबली, मशीनला लावली आणि कप भरेपर्यंत नजर हलवली नाही. तरीही चोथा निघाला तो चावलेलाच. या वेळी दाढेवरची कॅपही स्पष्ट दिसत होती. ती कोणी बसवली, हे डॉक्टरांना कोणाला विचारायची गरज नव्हती. स्वतःच्या हातचं काम होतं, आणि दाढ बायकोची होती.

तिसऱ्या सकाळी ठशात समोरचा एक दात नव्हता.

डॉक्टरांनी बाहेरच्या खोलीकडे पाहून हाक मारली, "अगं, जरा इकडे ये आणि हसून दाखव बघू."

"आले हं," ती म्हणाली.

ती दारात आली. ओठ घट्ट मिटून तिने रिकामा कप पुढे केला.