कावळा शिवेना

माझा भाऊ वाल्मिक व्हिडिओत ओरडून सांगायचा की कावळे खरे नसतात, सरकारने पोटात कॅमेरे घालून सोडलेत. सुईतून चिप जाते म्हणत त्याने आईचं इन्शुलिन बंद केलं आणि आई गेली. मग तोही गोठ्यात मेलेला सापडला. डॉक्टरांनाही कारण कळलं नाही. दहाव्याला प्रवरासंगमावर त्याचे व्हिडिओ बघणारे सगळे रिकामटेकडे जमले. पिंड मांडले, बाभळीवर कावळेही होते, पण एकही शिवेना. "इच्छा राहिली असेल ती कबूल करा," गुरुजी म्हणाले. "भाऊंना कुनी मारलं त्ये आमी शोधू," एकाने हात जोडले. कावळे ढिम्म. दुसऱ्याने "शूटिंग चाललंय आपलं" म्हणताच सगळ्यांनी टॉवेलने तोंडं झाकली. तिसरा माझ्याकडे वळला, "ताई, त्यांचं खरं हुतं म्हना, शिवंल." "गुरुजी, दर्भाचा खोटा कावळा शिववा," मी म्हणाले. "खरा त्याला पटायचा न्हाई."